हजेरीच्या चौकीपासून सुरुवात करा

२३ मार्च २०२०, सोमवार. आदल्या दिवशी जनता कर्फ्यू झाला होता आणि मध्यरात्रीपासून मुंबईची लोकल थांबली होती. महानगर परिसरातल्या एका महापालिकेच्या घनकचरा खात्यात मी तेव्हा नोकरीला होतो. पहाटे हजेरीच्या चौकीवर मुकादमाने मस्टर उघडलं, तर निम्म्या नावांपुढेही सही झाली नाही. माणसं घाबरून घरी बसली, असं कोणीतरी वरच्या ऑफिसात कळवूनही टाकलं. मुकादमाने मात्र एकेकाला फोन लावला. कोणी नालासोपाऱ्याला स्टेशनबाहेर उभं होतं, कोणी टिटवाळ्याला रिक्षा शोधत होतं. बदलापूरची एक बाई शेजारणीकडे मूल ठेवून निघाली होती, तिला पोलिसांनी रस्त्यात अडवून परत पाठवलं होतं. यायचं सगळ्यांना होतं. आणायची सोय कोणी केली नव्हती.

साथीत शहराच्या सेवा चालू कशा ठेवायच्या, याबद्दल मला जे सांगायचं आहे ते त्या सकाळपासून सुरू होतं. आपत्तीच्या आराखड्यात खाटा, औषधं, गाड्या, निधी सगळं मोजलेलं असतं. नळाला पाणी सोडणारा, कचरा उचलणारी, पंप चालवणारा, स्मशानात रात्रपाळी करणारा माणूस कामावर कसा येणार, काय खाणार, घरी कसा परतणार आणि आजारी पडला तर त्याच्या जागी कोण, हे चार प्रश्न बहुतेक वेळा त्यात नसतात. तुम्ही नगरसेवक असा, नगरपरिषदेचे मुख्याधिकारी असा, खात्यातले अभियंता असा की सोसायटीचे सेक्रेटरी, तुमच्यापुढे आलेला आराखडा आधी या चार प्रश्नांवर तपासून घ्या.

मुंबईला हा धडा फार जुना आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग ओळखला तो मूळ गोव्यातल्या हडफड्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. ऑक्टोबरमध्ये रुग्णांना सक्तीने वेगळं काढण्याचा हुकूम निघाला. घराघरांत भीती पसरली, लोक शहर सोडू लागले आणि काही आठवड्यांतच पालिकेला तो हुकूम सैल करावा लागला. तेव्हाचे आयुक्त स्नो यांना सगळ्यात मोठी धास्ती होती ती हलालखोर आणि बिगारी निघून जातील याची. मैला उचलणारे गेले तर प्लेगआधी घाणीनेच शहर राहण्याजोगं उरणार नाही, हे त्यांना कळत होतं. त्याच साथीत पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. त्यांच्यासारख्यांचं नाव इतिहासात राहिलं. शहर सोडून न गेलेल्या त्या बिगाऱ्यांची नावं कुठल्या मस्टरात होती, तेही आज सापडणार नाही.

प्रत्येक कामामागे तीन नावं

आपत्ती नसताना करायचं पहिलं काम म्हणजे याद्या, आणि त्याही पदांच्या नव्हे, माणसांच्या. ‘सहायक अभियंता (पाणी)’ असं लिहून भागत नाही. प्रत्येक सेवेसाठी जो आज ते काम करतो त्याचं नाव लिहा, मग तो नसेल तेव्हा करू शकेल त्याचं, मग ते दोघंही नसतील तेव्हाचं. तिसऱ्या नावाला बहुतेक ठिकाणी हात थांबतो. आपल्या शहराचा दुबळा सांधा तिथेच असतो.

चावीवाल्याचं उदाहरण घ्या. मुंबईत रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी सात तलावांतून येतं. धरणं, जलबोगदे, भांडुपचं प्रचंड शुद्धीकरण केंद्र, हे सगळं नकाशावर असतं. शेवटच्या गल्लीत व्हॉल्व्ह उघडतो तो चावीवाला. कुठल्या वस्तीला किती वाजता पाणी सोडायचं, कुठल्या चावीला किती फेरे द्यायचे, कुठली चावी गंजून अडकते आणि कुठल्या झडपेवर कोणी गाडी लावून ठेवतो, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. तो चौदा दिवस विलगीकरणात गेला, तर तलाव भरलेले असूनही एका चाळीचे नळ कोरडे राहतात. म्हणून त्याच्याबरोबर दोन सकाळी एखाद्या कनिष्ठ अभियंत्याला फिरवा. प्रत्येक चावीची जागा, वेळ आणि फेरे वहीत उतरवून घ्या, मोबाइलवर फोटो काढा, आणि ती वही पाणी खात्याच्या कपाटात न ठेवता चौकीवर ठेवा. हे काम दोन दिवसांचं आहे. साथ आल्यावर मात्र ते जमत नाही, कारण तेव्हा चावीवाल्याबरोबर हिंडायला कोणी तयार नसतो.

हीच गोष्ट मलनिस्सारण पंपिंग स्टेशनच्या ऑपरेटरची, जेटिंग मशीनवरच्या माणसाची, शववाहिनीच्या ड्रायव्हरची, क्लोरीनची मात्रा पाहणाऱ्या केमिस्टची आणि पगारपत्रक बनवणाऱ्या कारकुनाची. कारकुनाचं नाव वाचून हसू नका. अडचणीच्या महिन्यात पगार चुकला तर कामगाराला घरून निघायचंच कारण उरत नाही.

सगळ्या सेवा सारख्या तातडीच्या नसतात, तेही आधीच ठरवून घ्या. पाणी, मैलापाणी, कचरा, रुग्णालय, रुग्णवाहिका, अग्निशमन, स्मशानं-दफनभूमी, नियंत्रण कक्ष आणि पगार एक दिवसही थांबता कामा नयेत. परवाने, नकाशे मंजुरी, मालमत्ता कराच्या सुनावण्या महिनाभर मागे ढकलता येतात. उद्यानं, वाचनालयं, तरणतलाव बंद करता येतात आणि तिथली माणसं दुसरीकडे वळवता येतात. एका गोष्टीबद्दल मात्र आमच्याकडे चूक झाली. मृत्यू दाखले आम्ही ‘थांबू शकतील’ अशा कामांत टाकले होते. ज्या घरातला कमावता माणूस गेला त्या घराला बँकेत, विम्याला, रेशनला, सगळीकडे तोच कागद पहिल्या आठवड्यात लागतो. खिडकीवर रडणारी माणसं पाहिल्यावर आम्ही ते काम वर घेतलं. तुम्ही आधीच घ्या.

गाडी, जेवण, शौचालय

मुंबई चालवणारी अनेक माणसं मुंबईत राहत नाहीत, ती विरार, बदलापूर, कर्जत, कसाऱ्याला राहतात. लोकल बंद झाल्यावर अत्यावश्यक कर्मचाऱ्यांना बेस्टच्या आणि एसटीच्या गाड्यांनी आणलं. रेल्वे त्यांच्यासाठी पुन्हा सुरू झाली ती १५ जून २०२० ला, जवळजवळ बारा आठवड्यांनी. त्या काळात बेस्टचे ड्रायव्हर-कंडक्टर स्वतः आजारी पडत होते, तरी गाड्या धावत होत्या. आणखी एक पेच मे महिन्यात समोर आला. मुंबईत नोकरी करणारे कर्मचारी रोज ये-जा करतात आणि आपल्याकडे संसर्ग वाढतो, म्हणून कल्याण-डोंबिवली महापालिकेने ८ मेपासून त्यांची ये-जा बंद करायचं ठरवलं. नंतर तो निर्णय पुढे ढकलावा लागला. मला त्या शहराचा राग येत नाही. आपल्या रहिवाशांची काळजी करणं हे त्याचं कर्तव्यच होतं. पण दोन शहरांनी एकत्र बसून आधी बोलायला हवं होतं, हे त्या प्रसंगाने दाखवून दिलं. शेजारच्या महापालिकेशी, जिल्हाधिकाऱ्यांशी, एसटीच्या विभाग नियंत्रकांशी आणि पोलिसांशी हे बोलणं शांततेच्या काळात करून लेखी ठेवा. कुठल्या थांब्यावरून, पहाटे किती वाजता, किती माणसं, ओळखपत्र कुठलं चालेल. कंत्राटी कामगाराकडे पालिकेचं ओळखपत्र नसतं आणि नाक्यावरचा शिपाई कंत्राटदाराचा कागद ओळखत नाही. बदलापूरच्या त्या बाईला परत पाठवलं ते याच कारणाने.

प्रवास फार लांबचा असेल तर राहायची सोय करा. पालिकेच्या शाळा आणि मंगल कार्यालयं रिकामी असतात. एका वर्गात आठ-दहा गाद्या, पंखा, चार्जिंगचा बोर्ड, बादल्या. मात्र कोणालाही सक्तीने थांबवू नका. आठवडा काम आणि आठवडा घर अशी पाळी लावली तर माणसं स्वतःहून राहतात. दोन चमू करून ते एकमेकांसमोर येणार नाहीत अशी व्यवस्था ठेवली, तर एक चमू आजारी पडला तरी दुसरा उभा असतो. पंपिंग स्टेशन आणि शुद्धीकरण केंद्रात हे सगळ्यात आधी करावं, कारण तिथली माणसं बाहेरून आणता येत नाहीत. पाळी बदलताना चार्ज एकाच खोलीत समोरासमोर देण्याऐवजी नोंदवही आणि फोन यांवर भागवावं.

जेवणाचं मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण अधिकाऱ्यांना हे फार उशिरा सुचतं. सफाई कामगाराचा दिवस टपरीवरच्या चहाने सुरू होतो आणि वडापावने पुढे सरकतो. लॉकडाउनमध्ये टपऱ्या बंद झाल्या. पहाटे चारला घरून निघालेली बाई दुपारी तीनपर्यंत पाण्यावर राहायची. शिवाय हॉटेलं, स्टेशनं, बाजार बंद झाल्यामुळे वापरण्याजोगी शौचालयंही बंद झाली. पुरुष कसंही भागवतात. बायकांनी पाणी पिणंच कमी केलं. एप्रिल-मेच्या उन्हात, अंगावर रेनकोटसारखा पोशाख चढवून. एका बाईला चक्कर येऊन ती गाडीपाशी पडली, तेव्हा आम्हाला हे कळलं, आणि मला त्याची आजही लाज वाटते. म्हणून चौकीवर चहा, नाश्ता आणि पिण्याचं पाणी, साबण, कपडे बदलायला आडोसा आणि कडी असलेलं शौचालय, एवढं पहिल्या दिवसापासून हवं. बचत गटांना काम दिलं तर त्यांचीही चूल पेटते. राज्यात तेव्हा शिवभोजन थाळीचा दर १० रुपयांवरून ५ रुपयांवर आणला होता. अशी केंद्रं चौक्यांजवळ ठेवायला सांगता येतं.

भत्ता आणि विमा यांबद्दल थोडं. मुंबई महापालिकेने लॉकडाउनच्या सुरुवातीला कामावर येणाऱ्यांसाठी रोज ३०० रुपयांचा भत्ता जाहीर केला. त्या रकमेपेक्षा तिच्यामागचा निरोप मोठा होता, की तुमच्या येण्याची नोंद होते आहे. विम्याचे कागद मात्र आधीच पुरे करून घ्या. वारसाचं नाव, आधार, बँक खातं, कंत्राटदाराकडची नेमणूक. माणूस गेल्यावर त्याची विधवा तो ‘कर्तव्यावर’ होता हे सिद्ध करत फिरते. हजेरीचं मस्टर कंत्राटदाराकडे असतं आणि कंत्राट तोवर संपलेलं असतं. कायम आणि कंत्राटी यांना मास्क, हातमोजे, तपासणी, विमा यांत वेगळं वागवू नका. एकाच गाडीच्या पायरीवर दोघं उभे राहतात.

एक नंबर, चोवीस खोल्या

साथीत लोकांना सगळ्यात जास्त हवं असतं ते उत्तर देणारं माणूस. मुंबईत १९१६ हा आपत्कालीन नंबर लोकांना पाठ होता. पण सगळ्या शहराचे फोन एका खोलीत येऊ लागले आणि खाटेसाठी लोक हवालदिल झाले. जून २०२० च्या सुमारास महापालिकेने तेव्हाच्या चोवीसही विभाग कार्यालयांत स्वतंत्र वॉर रूम उभ्या केल्या. प्रयोगशाळांचे पॉझिटिव्ह अहवाल आधी पालिकेकडे यायचे, पालिका ते पत्त्याप्रमाणे वॉर्डांना वाटायची, आणि वॉर्डातून रुग्णालाच फोन जायचा: लक्षणं काय, घरात वेगळी खोली आहे का, खाट हवी का, रुग्णवाहिका पाठवू का. घाबरलेल्या माणसाने दहा रुग्णालयांची दारं ठोठावण्याऐवजी व्यवस्थाच त्याच्याकडे गेली. मला या सगळ्या काळातली सर्वांत शहाणी गोष्ट हीच वाटते. त्यातला एक भाग मात्र चुकीचा होता. रुग्णाच्या हाती त्याचा स्वतःचाच अहवाल न देणं योग्य नव्हतं, आणि जून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही रुग्णाला व नातेवाइकांना अहवाल मिळायला हवा असं सांगितलं. यादी पालिकेला मिळावी आणि अहवाल रुग्णालाही मिळावा, हे दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं.

तुमच्या शहरात चोवीस विभाग नसतील. दोन लाख वस्तीच्या गावात तीन खोल्या पुरतात. पण नियम तेच ठेवा. लोकांना एकच नंबर माहीत असावा. त्यामागे जितक्या खोल्या असतील तितक्या असोत, आणि प्रत्येक खोलीला आपल्या भागाच्या गल्ल्या माहीत असाव्यात. फोनवर पालिकेच्या शाळेतले शिक्षक बसवा. त्यांना वस्ती ठाऊक असते, घाबरलेल्या माणसाशी बोलायची सवय असते, आणि समोरचा हिंदी, उर्दू, गुजराती, तेलुगू काहीही बोलला तरी ते वाट काढतात. त्यांच्यामागे प्रत्येक पाळीत एक डॉक्टर हवा. प्रत्येक फोनची वेळ, नाव, काय सांगितलं आणि काय झालं, एवढं लिहून ठेवा. उत्तर ‘नाही’ असेल तर तेही सांगा. थांबा, बघतो, नंतर फोन करतो, असं तीनदा ऐकलेला माणूस चौथ्यांदा नगरसेवकाच्या दारात जातो, आणि मग खाटा ओळखीने मिळायला लागतात.

धारावीची गोष्ट याच्याशी जोडलेली आहे. तिथे पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० ला सापडला. अडीच चौरस किलोमीटरच्या आत आठ-दहा लाख माणसं, आणि त्यांतली बहुसंख्य सार्वजनिक शौचालयं वापरणारी. घरात वेगळं राहा, हा सल्ला तिथे निरर्थक होता. म्हणून महापालिकेच्या जी-उत्तर विभागाने माणसांना घराबाहेरच्या विलगीकरण केंद्रांत हलवलं, तिथे जेवण दिलं, सामूहिक शौचालयं दिवसातून अनेकदा निर्जंतुक केली, आणि वस्तीतल्या खासगी डॉक्टरांना बरोबर घेतलं. लोक पालिकेच्या अनोळखी माणसाला दार उघडत नव्हते, पण वर्षानुवर्षं वीस-तीस रुपयांत गोळ्या देणाऱ्या डॉक्टरला उघडत होते. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा उल्लेख केला, तो सगळ्यांच्या लक्षात आहे. माझ्या लक्षात शौचालयं राहिली. आपल्या शहरात दाट वस्ती असेल तर किती शौचालयं, किती सीट, पाणी कुठून, वीज आहे का, चालवणारी संस्था कुठली आणि तिचा माणूस कोण, याची यादी रुग्णालयाच्या खाटांच्या यादीइतकीच जपून ठेवा.

साथ एकटी येत नाही

५ ऑगस्ट २०२० हा दिवस प्रत्येक महापालिकेने भिंतीवर लिहून ठेवावा. तलाव कमी भरले म्हणून त्या दिवशी मुंबईत २० टक्के पाणीकपात सुरू झाली, आणि त्याच दिवशी कुलाब्यात ताशी १०० किलोमीटरहून वेगवान वारा सुटून दक्षिण मुंबईत पाणी तुंबलं. एकाच तारखेला नळाला पाणी कमी, रस्त्यावर पाणी जास्त, आणि शहरात साथ. त्याआधी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावरच्या केंद्रातून रुग्ण हलवावे लागले. १२ ऑक्टोबरला वीज यंत्रणा कोलमडून मुंबई अंधारात गेली आणि रुग्णालयं जनरेटरवर आली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाआधी बीकेसी, दहिसर आणि मुलुंडच्या जम्बो कोविड केंद्रांतले ५८० रुग्ण दुसरीकडे नेले.

यातून करायच्या गोष्टी सरळ आहेत. तात्पुरतं रुग्णालय उभारताना ते रिकामं कसं करायचं, हे पहिल्याच दिवशी लिहा: कुठला रुग्ण कुठे, कुठल्या गाडीने, ऑक्सिजनवर असेल तर बरोबर कोण. जनरेटरमध्ये डिझेल किती तासांचं आहे, हे महिन्यातून एकदा खरोखर चालवून पाहा. नालेसफाई लॉकडाउनच्या नावाखाली सोडू नका. पावसाला साथ कळत नाही, आणि तुंबलेल्या पाण्यातून लेप्टो, मलेरिया, डेंग्यू आले की त्याच डॉक्टरांवर दुप्पट भार पडतो. फवारणीवाल्यांना सॅनिटायझेशनच्या टाक्या घेऊन रस्ते भिजवायला पाठवू नका. ते दिसायला छान असतं, पण डासांच्या अळ्या मात्र वाढत राहतात.

ऑक्सिजनबद्दल एकच शिकवण: खाटा मोजू नका, तास मोजा. एप्रिल २०२१ मध्ये मुंबईत एका रात्रीत सहा रुग्णालयांतले १६८ रुग्ण ऑक्सिजन कमी पडेल म्हणून हलवावे लागले. ते वेळेत हलवता आले, कारण किती तासांचा साठा उरला आहे हे कोणीतरी पाहत होतं. त्यानंतर चारच दिवसांनी, २१ एप्रिलला, नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून गळती होऊन पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. टाकी बसवणं हे निम्मं काम झालं. तिची झडप, नळी आणि दाब समजणारा तंत्रज्ञ तिन्ही पाळ्यांत हजर असणं आणि पर्यायी सिलिंडरची ओळ जोडून तयार असणं, हे उरलेलं निम्मं.

बाकीचे आजार सुटीवर जात नाहीत, हेही धरून चाला. एप्रिल २०२० मध्ये नायर रुग्णालय कोविडसाठी राखलं गेलं आणि तिथे शेकडो बाधित मातांची बाळंतपणं झाली. पण शहरात एकही डायलिसिस केंद्र, एकही प्रसूतिगृह, क्षयाच्या गोळ्यांचं एकही केंद्र बंद पडणार नाही, अशी वेगळी जागा आधी ठरवा. क्षयरोग्याला घरपोच दोन महिन्यांच्या गोळ्या देणं आशाताईंना सहज जमतं, फक्त त्यांना त्याच आठवड्यात सर्वेक्षणाचीही कामं देऊ नका.

पैसे आणि कागद

साथीत खरेदी घाईने होते आणि व्हायलाच हवी. स्थायी समितीची बैठक होईपर्यंत रुग्ण थांबत नाही. पण मुंबईतल्या त्या काळच्या खर्चाची चौकशी पुढे कॅगपासून ईडीपर्यंत गेली, हे विसरून चालणार नाही. अशा चौकशीची भीती एवढी बसते, की पुढच्या संकटात प्रामाणिक अधिकारीही सही करायला कचरेल. यावर उपाय एकच, रोजच्या रोज लिहिणं. काय घेतलं, कोणाकडून, त्या दिवशी बाजारात काय भाव होता, दुसरा पर्याय का नव्हता, कोणी तपासलं. अर्ध्या पानाची टिप्पणी पुरते. मास्क, हातमोजे, ब्लीचिंग, सिलिंडर यांचे दरकरार दरवर्षी आधीच करून ठेवले तर निम्मी घाई टळते. सभा ऑनलाइन घ्या, पण घ्या. नगरसेवकाला आपल्या वॉर्डात काय चाललं आहे हे वर्तमानपत्रातून कळलं, तर तो मदत करणार नाही आणि त्याला दोषही देता येणार नाही. कंत्राटदाराची बिलं अडवू नका, कारण ती अडली की शेवटी कामगाराची मजुरी अडते.

सोसायटीने करायच्या गोष्टी

इथे मी नागरिकांशी थेट बोलतो. घरात कोणी आजारी असेल तर त्याचा मास्क, टिश्यू, औषधांची पाकिटं वेगळ्या पिशवीत बांधा आणि त्यावर खूण करा. त्या काळात त्यासाठी पिवळ्या पिशव्या होत्या, पण साधी पिशवी आणि ठळक अक्षरात लिहिलेलं एक वाक्यही चालतं. त्या पिशवीला उघड्या हाताने हात लावणारी कोणीतरी बाई असते. पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक लॉकडाउनमध्येही दारोदार येत राहिल्या, तेव्हा काही घरांनी त्यांना पाणी दिलं आणि काहींनी लिफ्ट वापरायची नाही म्हणून पाट्या लावल्या. ज्या नर्सेस आणि वॉर्डबॉय रात्रपाळी करून येतात त्यांना घर सोडा म्हणणाऱ्या सोसायट्या मी पाहिल्या आहेत. घर सोडायला लावलेली नर्स दुसऱ्या दिवशी कामावर येऊ शकत नाही, मग तुमच्याच इमारतीतल्या आजोबांना सलाईन कोण लावणार?

सेक्रेटरींनी वर्षातून एकदा चार याद्या अद्ययावत कराव्यात: एकटे राहणारे ज्येष्ठ, डायलिसिसवर किंवा ऑक्सिजनवर असणारे, इमारतीत राहणारे डॉक्टर-नर्स, आणि टाकीचा व्हॉल्व्ह व पंप चालवता येणारे दोन रहिवासी. पंपवाला आला नाही म्हणून सातव्या मजल्यावरच्या आजी दोन दिवस पाण्याविना राहिल्या, असं व्हायला नको. मालमत्ता कर जमत असेल तर लवकर भरा. साथीच्या वर्षी कर थकला आणि त्याची झळ पालिकेच्या सगळ्या कामांना बसली.

एका दुपारची तालीम

हे सगळं वाचून बाजूला ठेवायचं नसेल तर दरवर्षी मे महिन्यात, पावसाळापूर्व बैठकीच्या आठवड्यात, एक तालीम घ्या. खर्च काहीच नाही. मस्टरं समोर घ्या आणि चिठ्ठ्या टाकून दहातली चार नावं खोडा: तो आजारी, तिचं मूल आजारी, त्याची गाडी बंद, त्याच्या वस्तीला कंटेनमेंट. मग उद्या पहाटे पाणी कोण सोडेल, घंटागाडी कुठल्या गल्ल्यांत जाईल, शववाहिनी कोण चालवेल, हे उरलेल्या नावांतून भरून दाखवायला सांगा. एका छोट्या नगरपरिषदेत आम्ही हे करून पाहिलं, तेव्हा दुसऱ्याच चिठ्ठीला लक्षात आलं, की गावाची एकमेव शववाहिनी आणि अग्निशमनाची गाडी एकच ड्रायव्हर चालवत होता.

या बैठकीला खातेप्रमुखांबरोबर मुकादम, चावीवाला, पंप ऑपरेटर, आरोग्यसेविका आणि स्मशानातला कामगार यांनाही खुर्ची द्या. आणि बैठक सकाळी अकराला ठेवू नका. दुपारी अडीचनंतर ठेवा, सकाळची पाळी संपल्यावर, आणि विरार-बदलापूरची गाडी सुटायच्या आत संपवा.